एल्मस्टो कोर्टचं धुराडं

एल्मस्टो कोर्टला जायचं टाळण्यात क्लिफर्ड प्रॉसर इतका तरबेज झाला होता, की आपण ते टाळतो आहोत हे घरात कुणाच्या लक्षात आलं असेल असं त्याला कधी वाटलंच नाही. पुतणीच्या लग्नाचं जेवण तिथे होतं, तेव्हा ऐन सकाळी त्याची कंबर धरली. क्रिकेट क्लबाचा वार्षिक मेळावा तिथे ठरला, त्या दिवशी त्याला अचानक लेडबरीला कुणाची तरी भिंत बघायला जायचं होतं. हॉटेल गावापासून जेमतेम चार मैलांवर. आसपासची माणसं हौसेने तिथे जेवायला जात, आणि ज्याच्या हातांनी त्या जुन्या घराचं हॉटेल झालं, तो गवंडी छत्तीस वर्षांत एकदाही त्या दारातून आत गेला नव्हता. बायको एनिडनेही कधी आग्रह धरला नाही. तिथलं जेवण आपल्याला जड पडतं, असं ती म्हणायची.

शेवटी मुलीने त्याला पकडलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून रोझलिंडने ऑक्टोबरातल्या एका रविवारी दोघांना गाडीत बसवलं आणि कुठे नेते आहे ते सांगितलंच नाही. गाडी ओळखीच्या फाटकातून आत वळली तेव्हा क्लिफर्डने दाराची कडी घट्ट धरली. पुढच्या सीटवरची एनिडही गप्प झाली होती. ते त्याला दिसलं, पण आपल्याच भीतीत बुडालेला माणूस दुसऱ्याच्या गप्प होण्याचा कितीसा विचार करणार.

"आता कंबरबिंबर काही चालणार नाही, डॅड," रोझलिंड म्हणाली. "सहा आठवडे आधी टेबल सांगून ठेवलंय. स्वतः बांधलेल्या हॉटेलात तू कधी जेवला नाहीस, हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात."

"मी नाही बांधलं. चारशे वर्षं जुनं आहे ते."

घर तीन काळांत तीन धन्यांनी बांधलेलं होतं. मधला भाग सगळ्यात जुना, काळ्या पडलेल्या ओकच्या चौकटींचा, आणि चौकटींच्या मध्ये पांढरा गिलावा. पुढे कुणाला तरी ते गावंढळ वाटलं असणार, म्हणून त्याच्या तोंडावर लाल विटांची सरळसोट दर्शनी भिंत आणि उंच खिडक्या आल्या. मागची बाजू एका कापडगिरणीवाल्याने वाढवली. पण येणाऱ्याची नजर जायची ती छपराकडे. जुन्या भागाच्या पोटातून वर आलेलं धुराडं तिथे उभं होतं. एका जाड बुंध्यावर सहा नळकांडी, प्रत्येकाच्या विटा दोरीला पीळ द्यावा तशा फिरवत रचलेल्या, एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. लोक लांबून त्याचे फोटो काढायला येत. हॉटेलच्या बश्यांवरसुद्धा त्याचंच चित्र होतं.

गाडीतून उतरल्या उतरल्या क्लिफर्डने एक डोळा मिटला आणि धुराड्याची कड हिरवळीवरच्या झेंड्याच्या काठीशी ताडून पाहिली. मग दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा पाहिली. धुराडं पूर्वेला कललं होतं, चांगलं वीतभर. परक्याला ते दिसलं नसतं, आणि जुनी घरं थोडी वाकडी असायचीच म्हणून दिसूनही कुणी मनावर घेतलं नसतं. पण छत्तीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः ओळंबा सोडून पाहिला होता. तेव्हा ते रेषेत होतं.

"ये ना," एनिड दारातून म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

हॉटेलचा मालक जाइल्स फेनविक स्वतः पुढे आला. चार वर्षांपूर्वी लंडनमधली नोकरी सोडून त्याने ही वास्तू विकत घेतली होती, आणि नव्या जावयाच्या उत्साहाने तो तिच्याबद्दल बोलत असे. हे तेच गवंडी, असं रोझलिंडने सांगताच त्याने क्लिफर्डचा हात दोन्ही हातांत धरला. जेवणघराकडे नेताना तो काय काय केलं ते सांगत होता. जेवणघराच्या बरोबर वरची खोली आता हॉटेलातली सगळ्यात महागडी. तिथली बुजवलेली शेकोटी पुन्हा उघडली, पाहुण्यांना खरा लाकडाचा जाळ लागतो. धुराड्याची दोन नळकांडी आतून गळत होती, म्हणून गेल्या वर्षी पंपाने त्यांच्यात काँक्रीट भरून नवं अस्तर केलं. आणि पायांचा बिडाचा मोठा टब आणून खिडकीपाशी बसवला, पडून अंघोळ करता करता बाग दिसते.

"काँक्रीट किती गेलं?" क्लिफर्डने विचारलं.

"तीन टन. कंत्राटदार म्हणाला, धुराडं आता आणखी चारशे वर्षं बघायला नको."

जेवणघराच्या दाराची वरची कड एका बाजूने रंधून तिरकी केलेली होती. रंधा अलीकडेच मारलेला, लाकूड अजून पिवळं होतं; वरची चौकट खाली बसून दार अडलं असणार. क्लिफर्डने त्यावरून बोट फिरवलं आणि आत गेला. रोझलिंडने सगळ्यात मानाचं टेबल घेतलं होतं. खोलीच्या मधोमध आढ्याला एक रुंद खोका आडवा गेला होता, त्यावर चुन्याची गुलाबाची फुलं, आणि टेबल त्याच्या नेमकं खाली होतं.

त्या खोक्यात काय आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे असं क्लिफर्ड समजत होता.

पूर्वी त्या जागी दोन लहान दिवाणखाने होते आणि मध्ये धुराड्याचा बुंधा, एखाद्या कोठीएवढा, दोन्हीकडे शेकोट्या असलेला. १९६१ साली तेव्हाच्या धन्याने हॉटेल काढायचं ठरवलं आणि त्याला एक प्रशस्त जेवणघर हवं झालं. काम होरेस लिडियटला मिळालं. होरेस हा त्या भागातला नावाजलेला बांधकामवाला, आणि एनिडचा बाप. कामावरची माणसं त्याला 'मालक' म्हणत, आणि जावई झाल्यावरही क्लिफर्डच्या तोंडी तेच राहिलं. बेत सोपा होता. वरचं धुराडं टेकूंवर तोलून धरायचं, खालचा बुंधा काढून टाकायचा, आणि मोकळ्या जागेवर लोखंडी गर्डर टाकून वरचा सगळा भार त्याच्यावर घ्यायचा. वीस टन तरी भार होता. नकाशावर गर्डर काढलेला होता, त्याचं माप लिहिलेलं होतं.

बुंधा निघाला, टेकू लागले, आणि गर्डर आला नाही. कारखान्यात संप होता. आज येईल, उद्या येईल करत मे महिना उजाडला, व्हिटसनच्या सणाच्या शनिवारी हॉटेलचं उद्घाटन ठरलेलं, निमंत्रणं गेलेली. तेव्हा होरेसने पाडलेल्या एका गोठ्यातली ओकची तुळई आणली आणि अठ्ठावीस वर्षांच्या क्लिफर्डला ती चढवायला सांगितली.

क्लिफर्डने एकदाच विचारलं होतं, की मालक, ही पेलेल का.

"शंभर वर्षं गोठा पेलला तिने," होरेस म्हणाला होता. "गर्डर आला की हिवाळ्यात बदलू. तोवर गिलावा करून टाक, आणि फुलंबिलं काढ चांगली."

गर्डर आलाच नाही. हिवाळा आला, हॉटेल भरलेलं होतं, धन्याला खोली पुन्हा फोडायची नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात होरेसने विषय काढला नाही आणि क्लिफर्डनेही काढला नाही. धुराडं उभं होतं. दर वर्षी ते उभं राहिलं की त्याला वाटायचं आपण उगाच घाबरतो, आणि दर वर्षी वाऱ्याची पहिली मोठी रात्र आली की तो पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडायचा. होरेसच्या नावाचा बाक चर्चच्या आवारात होता. खेळाच्या मैदानावरच्या पॅव्हिलियनला त्याचं नाव होतं. त्याच्या मुलीशी लग्न केलेला माणूस काय बोलणार होता?

भाजलेलं मांस आलं, यॉर्कशर पुडिंग आलं, रस्सा आला. खोलीत पन्नासएक माणसं जेवत होती. रोझलिंड कुठलीशी जुनी गंमत सांगत होती, आणि क्लिफर्डला कसला तरी वास येत होता. अन्नाचा नव्हे. पानगळीत रानात अळंब्या कुजतात तसा, ओला आणि गोडसर. पन्नास वर्षं घरं उघडी करून पाहिलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. त्याने हातरुमाल टेबलावर ठेवला, आलोच म्हणाला, आणि पूर्वेकडच्या भिंतीपाशी गेला. खोका तिथे भिंतीत शिरत होता. जाड पडदा बाजूला केला तर कोपऱ्यातला कागद तपकिरी होऊन फुगला होता. वरच्या टबाचा सांडपाण्याचा नळ इथूनच खाली आलेला असणार. त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

मग पडदा नीट ओढला आणि फेनविकला शोधत निघाला.

फेनविक दर्शनी दालनात होता. क्लिफर्डने त्याला हळू आवाजात सांगितलं, की तुळईचं टोक कुजलेलं आहे, माणसं बाहेर काढा. फेनविक आधी हसला, मग त्याने समजुतीचा सूर लावला. वास्तू घेताना रीतसर तपासणी झाली होती. जुने नकाशे होते. त्यात पोलादी गर्डर स्पष्ट दाखवला होता.

"कागदावर आहे," क्लिफर्ड म्हणाला. "भिंतीत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बसवणारा मी होतो. मी बसवला नाही."

वय झालेली माणसं जेवताना दोन पेले घेऊन काहीबाही बोलतात, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. उद्या सकाळी माणूस बोलावतो, असं तो म्हणाला. आज घर भरलेलं आहे, उगाच आरडाओरड झाली तर हॉटेलचं नाव जाईल. एवढी छत्तीस वर्षं टिकलं ते एका जेवणापुरतं टिकेलच ना, असंही म्हणाला.

क्लिफर्ड टेबलाशी परत आला. त्याला बसवेना. आता इथेच, मुलीसमोर, एनिडला तिच्या बापाचं सांगावं लागणार होतं. शब्द कुठून सुरू करावेत ते त्याला सुचत नव्हतं.

एनिडने काटा-सुरी बशीत सरळ करून ठेवली.

"गर्डर घातलाच नव्हता ना?" ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला.

"कारखान्याला पत्र गेलं होतं. ऑर्डर रद्द करावी, गरज उरली नाही. पप्पांच्या कचेरीत टायपिंग कोण करायचं, क्लिफ? मीच केलं ते. मला वाटलं, दुसरीकडून आणला असेल. मग कधी आला नाही तेही मला कळत होतं. तू पांघरुणात जागा असायचास तेही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली. पहिली दहा वर्षं." तिचा आवाज चढला नव्हता. "नंतर वाटलं, आता बोललं तर आपण दोघंही त्यात. काय म्हणाला तो फेनविक?"

"उद्या बघू म्हणाला."

रोझलिंड एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. कशाबद्दल बोलताय, असं तिने दोनदा विचारलं.

एनिड उठली. "तू भिंत उघड," ती म्हणाली. "लोकांना मी बघते."

मांस कापायची चाकांची गाडी खोलीच्या कडेला उभी होती. तिच्यावर सुरीला धार लावायची लोखंडी कांब होती. वाढणाऱ्याला काही कळायच्या आत क्लिफर्डने ती उचलली, पूर्वेकडच्या भिंतीशी खुर्ची ओढली, चढला, आणि पडदा काढून कांबेचं टोक खोक्याच्या बुडात घातलं. गिलावा दगडासारखा फुटायला हवा होता. तो नुसता सुटला, मूठभर, मग परातभर. आतून तुळई दिसली. पांढऱ्या जाळीसारखी बुरशी तिच्यावर पसरली होती. कुणा बाईच्या आवाजात 'अरे देवा' असं काही तरी ऐकू आलं. फेनविक पळत आत आला, त्याने क्लिफर्डचा कोट ओढला, आणि क्लिफर्डने खाली न बघता तुळईच्या टोकातून बोटांनी एक तुकडा तोडून त्याच्या हातात दिला. ओकचं लाकूड. भिजलेल्या पावासारखं ते फेनविकच्या मुठीत चुरलं गेलं आणि त्यातून तपकिरी पाणी निघालं.

क्लिफर्ड तुळईच्या मागे बघत होता. टोक भिंतीत एक हात आत रोवलेलं होतं, ते त्यानेच रोवलं होतं. आता त्यातलं चार बोटंसुद्धा धड उरलं नव्हतं. तेवढ्यावर तेवीस टन.

खोलीच्या मध्यावर एनिडने पेल्यावर चमचा वाजवला. ती बत्तीस वर्षं दवाखान्यात टेबलामागे बसून माणसांना रांगेत लावत आली होती, आणि तिच्या आवाजाला कुणी नाही म्हणत नसे.

"मी होरेस लिडियटची मुलगी," ती म्हणाली. "हे आढं माझ्या वडिलांनी चुकीचं बांधलंय. सगळ्यांनी उठून बागेत जायचं आहे, आत्ता, खुर्च्या न ढकलता. बश्या घेऊन गेलात तरी चालेल."

लोक हसले, मग भिंतीतल्या भोकाकडे बघून हसायचे थांबले. एकेक टेबल उठलं. काहींनी खरोखरच बश्या बरोबर घेतल्या.

"वर कोणी आहे?" क्लिफर्डने फेनविकला विचारलं.

महागड्या खोलीत मिसेस ऑर्पिन होत्या. बर्मिंगहॅमच्या, ब्याऐंशी वर्षांच्या, दर ऑक्टोबरात आठवडाभर येणाऱ्या. दुपारी त्यांची अंघोळीची वेळ असायची.

क्लिफर्ड रोझलिंडला घेऊन वर गेला. जिन्यात त्याने तिला सांगितलं, की भिंतीला खेटून चालायचं, खोलीच्या मध्ये पाय टाकायचा नाही. दार उघडलं. शेकोटीत लाकडं जळत होती, ऊब होती, बाहेरची बाग झकास दिसत होती. शेकोटीच्या वरचा आरसा भिंतीपासून सुटून लोंबत होता. खिडकीपाशी बिडाच्या टबात गळ्यापर्यंत पाण्यात मिसेस ऑर्पिन डोळे मिटून पडल्या होत्या. क्लिफर्डने बाई बघितली नाही, पाणी बघितलं. पायाकडच्या कडेला ते काठोकाठ भरलं होतं आणि डोक्याकडे चार बोटं खाली होतं.

तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. "बाई, तुम्हाला बाहेर यावं लागेल. घर धोक्यात आहे."

"तरुण माणसा, माझ्या अंगावर काही नाही."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे."

"मग तरुणच की."

रोझलिंड भिंतीच्या कडेकडेने टबापर्यंत गेली. तिने चादर धरली, बाईंना उभं केलं आणि सवयीने तिचा हात बुचाच्या साखळीकडे गेला.

"नको," क्लिफर्ड म्हणाला. "पाणी सोडू नकोस. ते त्याच टोकावर जातं."

तिने हात मागे घेतला. चादर गुंडाळलेल्या मिसेस ऑर्पिन दोघांच्या मधून भिंतीला हात लावत चालू लागल्या आणि माझा चष्मा, माझा चष्मा म्हणू लागल्या. चष्मा शेकोटीजवळच्या टेबलावर, खोलीच्या बरोबर मध्ये होता. क्लिफर्डने तो तिथेच राहू दिला. त्यांच्या पायाखालची फळी दबली आणि वर आली नाही. तिघंही भिंत धरूनच जिना उतरली.

त्या दिवशी काही पडलं नाही. अग्निशमन दलाची माणसं आली, त्यांनी दोरी बांधली. लोक हिरवळीवर थंडीत कुडकुडत उभे राहिले, थोड्या वेळाने कंटाळले आणि गाड्या काढून निघून गेले. एका गृहस्थाने तर जेवण अर्धवट राहिल्याची तक्रार लिहून दिली. सोमवारी इमारत निरीक्षक आल्या, मिस हेस्टर ब्रॅकेट म्हणून, त्यांनी दुर्बिणीतून धुराडं पाहिलं आणि आत जायला सगळ्यांनाच बंदी केली. मंगळवारी जोराचा वारा सुटला. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला माणसं बाहेरून परांची बांधत असताना सहाही नळकांडी एकदम खाली गेली. बाजूला कोसळली नाहीत, सरळ खाली, विहिरीत घागर सोडावी तशी. छप्पर, महागडी खोली, टब, जेवणघर, सगळं बरोबर घेऊन ती तळघरापर्यंत पोचली. परांचीवरच्या एका माणसाचा खांदा मोडला. धूळ बसली तेव्हा लाल विटांची दर्शनी भिंत उभीच होती आणि तिच्या वरच्या ओळीतल्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

मिस ब्रॅकेट गुरुवारी प्रॉसरांच्या घरी आल्या. चाळिशीच्या आतल्याच, पण बोलताना शब्द तोलणाऱ्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी क्लिफर्डचं सगळं म्हणणं लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने सही केली. एनिडनेही पत्राबद्दल लिहून दिलं. चर्चच्या आवारातला बाक काढावा असं कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं होतं, ते पान तिने चहाच्या किटलीखाली ठेवलं होतं.

मग मिस ब्रॅकेटनी वहीचं नवं पान उघडलं.

"मिस्टर लिडियटना हे एकदा जमलं," त्या म्हणाल्या. "एकदा जमलेली गोष्ट माणूस पुन्हा करतो. आणखी कुठे?"

उत्तर एनिडने दिलं. तिला तशी आणखी पत्रं आठवत होती. पेंबर गावचा पब, १९६२. ऑर्लकोटला डॉक्टरांचं घर, दोन खोल्यांची एक केलेलं, १९६३. त्याच वर्षी पिठाच्या गिरणीचं राहतं घर. ती एकेक नाव घेत होती आणि क्लिफर्ड दर वेळी मान हलवत होता. गिरणीचं घर पुढे पाडलं गेलं, एवढंच तो म्हणाला. पबमध्ये मात्र अजून लोक बसत होते. मिस ब्रॅकेट लिहीत होत्या आणि त्यांचा हात थांबत नव्हता.

"एवढंच," एनिड म्हणाली. "पप्पा सहासष्टमध्ये गेले."

"आणखी एक आहे," क्लिफर्ड म्हणाला.

एनिडने त्याच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

त्याने सांगितलं. साल १९७१. होरेसला जाऊन पाच वर्षं झाली होती, धंदा क्लिफर्डच्या नावावर होता. हिलकोटच्या शाळेत दोन वर्गांमधलं जुनं धुराडं कापून मोठी खोली करायची होती. गर्डर आला होता, पण नऊ इंच आखूड. बदलून यायला तीन आठवडे लागणार होते आणि सुट्टी सोमवारी संपत होती. एल्मस्टोचं धुराडं तेव्हा दहा वर्षं उभं होतं. त्याला वाटलं, उभं राहतं. आवारात एक जुनी तुळई पडलेली होती.

"त्या खोलीत आता काय आहे?" मिस ब्रॅकेटनी विचारलं.

"मुलांचं जेवणघर."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला वीस मिनिटं कमी होती. त्यांनी परवानगी न विचारता भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला, मिस ब्रॅकेट तीनच वाक्यं बोलल्या आणि रिसीव्हर कानाशी धरून थांबल्या. खोली इतकी शांत होती की तारेतून शाळेची घंटा आणि नंतर पुष्कळशा बुटांची धावपळ टेबलापर्यंत ऐकू आली.

"निघतायत बाहेर," मिस ब्रॅकेट म्हणाल्या. "मला ती भिंत दाखवायला तुम्हाला यावं लागेल, मिस्टर प्रॉसर."

क्लिफर्ड उठला. खुंटीवरून कोट काढला, एक बाही घातली, दुसरी त्याला सापडेना. एनिड त्याला मदत करायला उठली नाही.

"एकाहत्तर साली," ती म्हणाली, "रोझलिंड त्याच शाळेत होती."

"माहीत आहे," क्लिफर्ड म्हणाला, आणि मिस ब्रॅकेटच्या मागोमाग बाहेर पडला.